घरी बीअर तयार करताना सर्वांत कंटाळवाणे काम कोणते, आणि ते टाळता येते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आपण विचारले आहे की, घरी बीअर करण्याचा छंद चित्रफितींत दिसतो तितका मजेचा असतो का, त्यातली रटाळ कामे कोणती आणि ती टाळण्याचा काही मार्ग आहे का. उत्तराआधी एक बाब स्पष्ट केली पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि ‘विकण्यासाठी नव्हे, स्वतःपुरते केले’ ही सबब तिथे चालत नाही. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. मी हा छंद इंग्लंडमधल्या डर्बी शहरात नोकरीला असताना पाच वर्षे केला, जिथे १९६३ पासून घरच्या वापरापुरती बीअर करायला परवाना लागत नाही. आता वरुड तालुक्यातल्या आमच्या गावी परतून संत्र्याची बाग पाहतो आणि बीअर करत नाही. तेव्हा खाली लिहिलेला अनुभव तिकडचा आहे, आणि इथे काय झाले असते हा केवळ माझा अंदाज.

कंटाळवाणे काम एकच आहे, ते म्हणजे धुणे. बाकीची कामे या धुण्याच्या मध्ये मध्ये येतात. आम्ही एका वेळी २३ लिटरचा घाणा करत असू. त्याला साधारण ५ किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, लागत असे. ते भरडून ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, गोड काढा गाळून घ्यायचा, तो हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले) घालून तासभर उकळायचा, थंड करून त्यात यीस्ट घालायचे आणि दोन आठवडे वाट पाहायची. सांगायला हे इतकेच आहे. प्रत्यक्षात रविवारी सकाळी नऊला सुरू केलेले काम दुपारी चारला संपत असे आणि त्या सात तासांतला निम्मा वेळ मी मोरीपाशी उभा असे.

नवशिक्याला पहिल्यांदा न उमगणारी गोष्ट ही की, स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही त्याच क्रमाने करावी लागतात. आधी कडेला चिकटलेला फेसाचा चिकट थर, हॉप्सचा चोथा आणि यीस्टचा गाळ काढायचा. त्यासाठी सोडियम परकार्बोनेटच्या कोमट द्रावणात भांडे भिजत ठेवणे सर्वांत सोयीचे. त्यानंतरच फॉस्फोरिक आम्लाचे निर्जंतुक करणारे द्रावण फिरवायचे, कारण घाणीचा थर शिल्लक असेल तर ते त्याखालच्या जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. पैसे वाचवण्यासाठी काही जण धुण्याचे ब्लीच वापरतात. ते नीट खळबळून निघाले नाही तर बीअरला दवाखान्यासारखा वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. बीअर नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये सविस्तर मांडले. त्याची शिक्षा आपण दर रविवारी भोगतो, असे माझा घरसोबती म्हणत असे.

त्या शिक्षेत सूट घेतली की काय होते, हेही सांगतो. आमच्या प्लॅस्टिकच्या बादलीला खाली तोटी होती. बादली मी दर वेळी चकचकीत करत असे, परंतु तोटी सोडवून तिच्या आतले भाग वेगळे करून धुण्याचे काम चार-पाच घाण्यांपर्यंत केलेच नाही, कारण बाहेरून ती स्वच्छ दिसत होती. सहावा घाणा आंबट झाला. चांगल्या ताकासारखा आंबट असता तरी चालले असते. हा नासलेल्या उसाच्या रसासारखा होता. २३ लिटर बीअर मोरीत ओतताना तोटी उघडली, तर आत शेवाळल्यासारखा तपकिरी थर बसलेला होता. त्याच बादलीला आधी एकदा मी खरखरीत घासणी लावली होती, तीही चूकच, कारण प्लॅस्टिकवर ओरखडे पडले की त्यात जंतू घर करतात आणि मग कोणतेही द्रावण तिथवर जात नाही. बादलीला मऊ फडकेच लावावे. नळीच्या आत तर फडकेही जात नाही. ती वर्षाकाठी सरळ बदलून टाकावी, तिच्याशी झटापट करू नये.

आता बाटल्यांकडे येतो, कारण या छंदाला कंटाळून तो सोडणारे बहुतेक लोक याच टप्प्यावर सोडतात. २३ लिटरमधून तळाचा गाळ वगळता अर्ध्या लिटरच्या सुमारे ४० बाटल्या भरतात. प्रत्येक बाटली आतून ब्रशने घासणे, खळबळणे, निर्जंतुक करणे, उलटी टांगून निथळवणे, भरणे आणि हाताच्या यंत्राने तिला पत्र्याचे बूच दाबून बसवणे, यात एका बाटलीमागे पाच मिनिटे धरली तरी तीन तास वीस मिनिटे होतात. विकतच्या बीअरच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या असतील तर त्यांची लेबले काढणे हा आणखी एक स्वतंत्र उद्योग आहे. रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवले की काही लेबले आपोआप तरंगून वर येतात. काहींचा डिंक मात्र नखांनी खरवडावा लागतो आणि अशा बाटल्या जमवूच नयेत, असे माझे मत झाले आहे.

बाटलीत वायू भरावा म्हणून शेवटी थोडी साखर घालतात, लिटरला साधारण ६ ग्रॅम. मोजमापाचे काम तेवढ्यापुरते नेमके हवे. बादलीतली आंबण्याची क्रिया पुरती संपली आहे की नाही हे हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीने, सलग दोन-तीन दिवस तपासायचे असते, सुरुवातीला १.०५० असलेला आकडा १.०१० च्या आसपास येऊन तिथेच थांबला पाहिजे. तपासण्याचा हा आळस मी एकदा केला. दहाव्या दिवशी जिन्याखालच्या कपाटात तीन बाटल्या फुटल्या आणि काचा, चिकट बीअर आणि घरमालकाचे जुने जोडे यांची एकत्र साफसफाई करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवू लागलो.

आपल्या भागात हे सारे किती जड गेले असते याचा विचार मी पुष्कळदा करतो. उकळता काढा लवकरात लवकर २० अंशांपर्यंत आणावा लागतो. त्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे काढ्यात बुडवून त्यातून नळाचे थंड पाणी वीस-पंचवीस मिनिटे सोडतात आणि शंभरेक लिटर पाणी सहज वाहून जाते. आमच्याकडे विहिरीचे पाणीच उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर असते, म्हणजे कितीही सोडले तरी काढा त्याखाली जाणार नाही. शिवाय मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना आणि कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री येत असताना एवढे पाणी वाहू देणे कोणत्या तोंडाने करावे? त्यात भर म्हणजे एल जातीच्या बीअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करते आणि फार तापले की थिनरसारखा वास सोडते. पारा ४५ च्या घरात असताना त्याला फ्रिजमध्येच ठेवावे लागेल, आणि भारनियमनात त्या फ्रिजपाशी आपल्यालाही बसावे लागेल. एका बाबतीत मात्र आपण नशीबवान ठरलो असतो. उरलेला माल्टचा आठ-नऊ किलो ओला चोथा डर्बीत आम्हाला कचऱ्यात टाकावा लागे आणि एका दिवसात त्याला आंबूस वास सुटे. इथे तो ढेपेबरोबर म्हशीपुढे ठेवला असता तर टोपले रिकामे व्हायला पाच मिनिटेही लागली नसती.

काम कमी करण्याचे मार्ग विचारलेत, तर मोजके दोन सांगतो. पहिला, बाटल्या सोडून १९ लिटरचा स्टीलचा केग, म्हणजे बीअर साठवायचे बंद पिंप, घेणे. चाळीस तोंडांऐवजी एकच तोंड धुवावे लागते, परंतु त्यासोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बराच खर्च येतो. दुसरा फुकटचा आहे: बाटली रिकामी झाल्या क्षणी गरम पाण्याने तीनदा खळबळून उलटी ठेवणे. गाळ वाळायच्या आत निघाला तर ब्रशची गरजच पडत नाही. ही अक्कल मला एका घाण्यातून आली आणि फोनवर आईला सांगितली, तर दुधाच्या केटल्या घासण्यात चाळीस वर्षे घालवलेली ती म्हणाली, “भांडं वाळू देल्लं का मंग त्याचा राग हातावर निघते, बाबू. हे शिकाले तू विलायतेले गेलता काय?”

धुणे काही सुटले नाही. मृग बहाराची संत्री निघाली की आम्ही घरच्यासाठी आणि पाहुण्यांसाठी सरबताचा अर्क भरून ठेवतो. गेल्या हंगामात साठ बाटल्या झाल्या. पद्धत तीच: सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवणे, ब्रश, गरम पाणी, उलट्या टांगून निथळवणे. भरण्याआधी प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून तळाकडे पाहायचे. जी दुसऱ्यांदा धुऊनही तळाशी धुरकट दिसते, ती फिनाइल भरायला न्हाणीत जाते.