यंत्रे गणित सोडवू लागली असताना उच्च गणित का आणि कसे शिकावे?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. यंत्र मानवी बुद्धीची बरोबरी कधीच करू शकणार नाही, हे गोडेलच्या प्रमेयाने सिद्ध होते का? आणि होत नसेल, तर रिअल ॲनालिसिस (वास्तव संख्या, सीमा आणि सातत्य यांचा काटेकोर अभ्यास) आणि अमूर्त बीजगणित (संख्यांऐवजी क्रियांच्या नियमांचा व रचनांचा अभ्यास) स्वतःहून शिकण्यात काही वर्षे घालवण्याला अर्थ उरतो का? पहिल्याचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असे आहे.

कुर्ट गोडेल यांनी 1931 साली दाखवून दिले की, अंकगणित मांडता येईल इतकी समर्थ, नियमबद्ध आणि सुसंगत (अंतर्विरोध नसलेली) अशी कोणतीही औपचारिक प्रणाली, म्हणजे गृहीतके आणि अनुमानाचे ठरावीक नियम यांची रचना घेतली, तरी तिच्या भाषेत असे एखादे विधान असतेच, जे खरे असूनही त्या प्रणालीत सिद्ध करता येत नाही. यावरून तत्त्वज्ञ जॉन लुकास यांनी 1961 मध्ये, आणि पुढे गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी अधिक विस्ताराने, असा युक्तिवाद केला की ज्या विधानापाशी यंत्र अडते त्याचे सत्य माणसाला दिसते, म्हणून माणसाची बुद्धी यांत्रिक असू शकत नाही. हा युक्तिवाद आकर्षक आहे. पण ते सत्य आपल्याला दिसते ते प्रणाली सुसंगत आहे असे गृहीत धरल्यावरच, आणि ‘प्रणाली सुसंगत असेल तर हे विधान खरे आहे’ एवढे तर ती प्रणाली स्वतःही सिद्ध करू शकते. उरतो प्रश्न सुसंगतीचा, आणि तिथे माणसाची अंतःप्रेरणा खात्रीची नाही. तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी अनेक वर्षे खपून उभारलेल्या प्रणालीत अंतर्विरोध असल्याचे बर्ट्रांड रसेल यांनी 1902 मध्ये एका पत्राने त्यांना कळवले. तोपर्यंत फ्रेगे यांना ती निर्दोष वाटत होती. स्वतः गोडेल यांनीही 1951 च्या व्याख्यानात निष्कर्ष सावधपणे मांडला होता: एकतर मानवी मन कोणत्याही सांत (मर्यादित) यंत्राच्या पलीकडचे आहे, किंवा माणसाला कधीच न सुटणारे गणिती प्रश्न अस्तित्वात आहेत. या दोहोंपैकी खरे कोणते, हे प्रमेय सांगत नाही.

प्रत्यक्षात यंत्रे बरीच पुढे गेली आहेत. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या 2024 च्या प्रश्नपत्रिकेतील 6 पैकी 4 प्रश्न गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी सोडवून 42 पैकी 28 गुण मिळवले, जरी त्यांतील काही उत्तरांना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला. 2025 मध्ये सुवर्णपदकाची पातळीही गाठली गेली. ऑलिम्पियाडच्या प्रश्नाला उत्तर आहे हे आधीच ठाऊक असते, तर संशोधनात कोणता प्रश्न विचारावा आणि कोणती व्याख्या करावी हेच मोठे काम असते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मात्र तो कायम टिकेल असे मी म्हणणार नाही.

तरीही शिकावे, कारण सिद्धता उपलब्ध असणे आणि ती समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गणितज्ञ पीटर शोल्झे यांनी डिसेंबर 2020 मध्ये स्वतःच्याच एका महत्त्वाच्या प्रमेयाची सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याचे आवाहन केले, कारण तिच्याबद्दल त्यांच्या मनात थोडी शंका उरली होती. ‘लीन’ या सिद्धता तपासणाऱ्या संगणक प्रणालीत ते काम जुलै 2022 मध्ये पूर्ण झाले. तपासणी यंत्राने केली. पण सिद्धतेची प्रत्येक पायरी यंत्राला कळेल अशी मांडताना ती माणसांना नव्याने समजून घ्यावी लागली.

ही समज कशी येते, हे एकसमान सातत्याच्या उदाहरणावरून सांगतो, कारण बहुतेक विद्यार्थी तिथेच अडतात. सातत्य म्हणजे क्ष मधील बदल डेल्टाच्या मर्यादेत ठेवला की फंक्शनच्या किमतीतील बदल एप्सिलॉन या दिलेल्या मर्यादेत राहणे. साध्या सातत्यात हा डेल्टा एप्सिलॉनवर आणि बिंदूवरही अवलंबून असू शकतो. एकसमान सातत्यात एकच डेल्टा सर्व बिंदूंसाठी पुरेसा असावा लागतो. ही व्याख्या पाठ करून काहीच साधत नाही. क्ष² हे फंक्शन घ्या आणि क्ष मध्ये डेल्टाएवढी वाढ करा: किमतीतील फरक 2 × क्ष × डेल्टा + डेल्टा² इतका येतो, म्हणजे डेल्टा कितीही लहान निवडला तरी क्ष पुरेसा मोठा घेताच हा फरक हवा तेवढा वाढतो. हे स्वतःच्या हाताने कागदावर केल्यावर व्याख्येतील शब्दांचा क्रम का महत्त्वाचा आहे ते लक्षात येते, आणि तो क्रम पुन्हा विसरत नाही.

यंत्राचा उपयोग अवश्य करा, परंतु स्वतः पुरेसा वेळ झगडल्यानंतर. आधी आपली सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहा, मग तिच्यातील दोष शोधायला सांगा, आणि त्याने दाखवलेला दोष खरोखर दोष आहे का हेही तपासा, कारण ही साधने चुकीचा युक्तिवादसुद्धा तितक्याच सफाईने लिहितात. सुरुवात म्हणून, दोन्ही टोकांसह घेतलेल्या सांत अंतरालावर प्रत्येक सतत फंक्शन एकसमान सतत असते, हे पुस्तक मिटून सिद्ध करून पाहा. जमले की एक टोक वगळा आणि आपल्या सिद्धतेतील नेमकी कोणती ओळ कोसळते ते शोधा.