वाचकांचे प्रश्न : ती परत सासरी गेली, आता आम्ही काय करायचे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या महिला समुपदेशन केंद्रात स्वयंसेवक म्हणून नियमित जाते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आलेल्या एका मुलीसाठी आम्ही बरीच धावपळ केली, निवारागृहात तिची सोय लावली आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा नांदायला गेली. असे वरचेवर घडते. मग आपल्या कष्टांचा उपयोग काय, असे वाटू लागते. तिला जाऊ द्यायला नको होते का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली निराशा समजण्यासारखी आहे, मात्र तिचे परत जाणे हे आपल्या कामाचे अपयश आहे, हे मला मान्य नाही. मार खाणारी बाई एकदाच घराबाहेर पडते आणि कायमची सुटते, असे फार थोड्या जणींच्या बाबतीत घडते. मुलांची शाळा, हातात नसलेला पैसा, ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणारे माहेर, नवऱ्याने पाया पडून मागितलेली माफी, या सगळ्याचा हिशेब ती मनाशी मांडत असते आणि तो तिच्याइतका दुसऱ्या कोणालाही मांडता येत नाही. शिवाय बाईने घर सोडण्याचा काळ हाच तिच्या जिवाला सर्वांत धोक्याचा असतो, त्यामुळे ‘तू आत्ताच्या आत्ता नीघ’ असा आग्रह धरताना त्याची झळ आपल्याला लागणार नसते, याचे भान ठेवावे लागते. आजवर वडिलांनी, नवऱ्याने, सासूने तिच्या वतीने निर्णय घेतले. त्यात आपल्या केंद्राची भर पडू नये. (‘एवढे शिकून कसे सहन केलेस?’ हा प्रश्नही शिक्षकी सवयीने तोंडातून निसटतो, तोही टाळावा.)

परत जाणाऱ्या बाईबरोबरही करण्यासारखे पुष्कळ असते. आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक आणि लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका किंवा फोटो, यांच्या झेरॉक्स तिच्या विश्वासातल्या एखाद्या घरी ठेवता येतात का, हे तिच्याशी बोलून ठरवावे. अंगावर जखम असेल तर सरकारी दवाखान्यात नेऊन ती कशाने झाली याची नोंद करून घ्यावी, कारण वळ चार दिवसांत जातात आणि पुढे न्यायालयात तो कागदच बोलतो. तिच्या फोनवर मात्र आपण होऊन कधीही संपर्क साधू नये. ‘ताई, उद्या केंद्रात या’ हा साधा निरोप नवऱ्याने वाचला तर त्या रात्री काय होईल, याची कल्पना आपल्याला असेलच. फोन कोणत्या वेळी करायचा आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, हे आधी तिलाच विचारावे. बाजारात ती समोर आली तर तिने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवू नये. तालुक्याच्या गावात एवढ्यावरूनही बोभाटा होतो.

कायद्याची जुजबी माहितीही आपल्याला हवी. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचे महत्त्व असे, की बाईला घर न सोडता, घटस्फोट न मागता संरक्षणाचा, खर्चाचा आणि त्याच घरात राहण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांकडून मिळवता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणावरून तिचा राहण्याचा हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि बाई तिथेच खचते. अशा तारखेला तिच्या शेजारी बाकावर बसून राहणे हे काम स्वयंसेवकाइतके चांगले कोणी करू शकत नाही, कारण समुपदेशकांना दिवसभरात इतर अनेक जणी भेटायच्या असतात. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत साहाय्य मिळते. तडजोडीची बोलणी मात्र स्वयंसेवकाने अंगावर घेऊ नयेत. नवऱ्याला बोलावून चार शब्द सुनावण्याचा मोह होतो, पण त्याचा वचपा तो घरी गेल्यावर तिच्यावर काढतो.

ती पुन्हा आली, तर ‘सांगितले होते ना’ असे न म्हणता नव्याने ऐकून घ्यावे आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे. ऐकून ऐकून आपली झोप उडू लागली, तर ते केंद्रातील समुपदेशकांना मोकळेपणाने सांगावे. घरी मात्र तिचे नाव काढू नये.

प्रश्न : मी २६ वर्षांचा तरुण आहे. पुरुष म्हणून या कामात मला जागा आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, पण ती बहुधा आपल्याला वाटते तिथे नाही. पीडितेचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम सहसा स्त्रियांकडे असते आणि ते तसेच राहावे, असे माझे मत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. असे कक्ष आता राज्यात अनेक ठिकाणी आहेत. आपल्या जवळच्या कक्षाला किंवा केंद्राला हिशेब, संगणकावरील नोंदी, रात्री-अपरात्री वाहन, निवारागृहातील मुलांचा अभ्यास यांपैकी कशाची गरज आहे, हे आधी विचारून घ्यावे. मुलग्यांशी बोलणे हे तर पुरुषांनीच उचलावे असे काम आहे. ‘मावा’ ही पुरुषांनी मुंबईत उभारलेली संघटना १९९३ पासून तेच करत आली आहे. गणेश मंडळात, क्रिकेटच्या मैदानावर, कट्ट्यावर एखादा मित्र बायकोला हात उगारल्याची बढाई मारतो, तेव्हा त्याला तिथेच अडवणे आपल्याला जितके जमेल तितके आमच्या समुपदेशक ताईंना जमणार नाही. सुरुवात तिथून करावी आणि केंद्रात नाव नोंदवायला त्यानंतर जावे.