जुना लॅपटॉप आणि गावातले नेटवर्क असताना ब्राउझरमधील मोफत ऑनलाइन खेळ खेळण्यात अर्थ आहे का?

आपल्या प्रश्नाचा रोख असा आहे की, हाताशी जुना लॅपटॉप आणि गावातले मोबाइल नेटवर्क एवढेच असताना ब्राउझरमध्ये चालणारे मोफत खेळ खेळावेत का, की ते केवळ जाहिराती दाखवण्यासाठी बनवलेले असतात. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो, शेतीची कामे आटोपल्यावर हेच खेळ खेळतो, आणि माझ्या मते ते अवश्य खेळावेत. मात्र खेळ निवडताना तो चालवण्याचा खर्च कोण भरतो, हे आधी पाहावे, कारण खेळाडूला मिळणारी वागणूक बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

या कसोटीवर मी लिचेसचे नाव सर्वांत आधी घेईन. बुद्धिबळाचे हे संकेतस्थळ थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केले. आज ते एका ना-नफा संस्थेमार्फत देणग्यांवर चालते, त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यावर चालते तो प्रोग्राम, सर्वांसाठी खुला आहे आणि त्यावर एकही जाहिरात नाही. देणगी देणाऱ्याच्या नावाशेजारी एक चिन्ह दिसते, परंतु खेळण्याच्या सोयी देणगी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला अगदी सारख्याच मिळतात. कोडी हवी तेवढी सोडवता येतात आणि डाव संपल्यावर स्टॉकफिश या इंजिनकडून, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामकडून, त्याचे विश्लेषण करून घेता येते. ज्या गावात बुद्धिबळाचा प्रशिक्षक नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणीही तो मिळेलच याची खात्री नाही, तिथल्या मुलाला आपली नेमकी कोणती चाल चुकली हे त्याच दिवशी समजणे ही फार मोठी गोष्ट आहे. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्याकडची मुलेमुली बुद्धिबळाबद्दल आपणहून विचारू लागली आहेत. त्यांना मी हेच संकेतस्थळ उघडून देतो, कारण थोडे खेळून झाल्यावर त्यांच्याकडे पैसे मागितले जातील, ही चिंता तिथे नसते.

आता नेटवर्कविषयी. आमच्याकडे संध्याकाळी सारे गाव एकाच टॉवरवर असते आणि वेग मंदावतो. वीज गेली आणि लवकर परतली नाही, तर काही वेळाने टॉवरही बंद पडतो. व्हिडिओ सुरळीत चालतो म्हणजे खेळही चालेल, असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. व्हिडिओचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो. खेळात मात्र पुढच्या क्षणी काय घडणार हे अजून ठरलेलेच नसते, त्यामुळे साठवून ठेवण्यासारखे काही नसते. अगार.आयओ (२०१५) आणि सापांचा स्लिदर.आयओ (२०१६) या, अनेक खेळाडू एकाच मैदानात एकाच वेळी खेळतात अशा, खेळांमध्ये खरी स्थिती दूरच्या सर्व्हरवर असते आणि ती सेकंदाला अनेक वेळा आपल्याकडे पाठवली जाते. हा निरोप उशिरा पोहोचला की पडद्यावरचे चित्र शिळे होते. स्लिदर.आयओमध्ये आपण मोकळ्या जागेत वळलो असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात तिथे दुसऱ्या खेळाडूचा साप आधीच येऊन पोहोचलेला असतो. अशी हार मनाला फार लागते, कारण तीत आपल्या कौशल्याची परीक्षाच झालेली नसते. हे दोन्ही खेळ मला मनापासून आवडतात, परंतु मी ते पहाटे, टॉवरवर गर्दी नसताना खेळतो, आणि आपणही तसेच करावे.

ज्यात आळीपाळीने चाल करायची असते, असे खेळ आपल्या परिस्थितीला अधिक जुळतात. लिचेसवर करस्पॉन्डन्स पद्धतीच्या डावात एका चालीसाठी १ दिवसापासून १४ दिवसांपर्यंतची मुदत ठरवता येते. कापूस वेचणीच्या धामधुमीत दिवसभर लॅपटॉप उघडता आला नाही, रात्री वीज नसली, तरी डाव हातचा जात नाही. उलट शेतात काम करताना पुढच्या चालीचा निवांत विचार करता येतो. माझे सर्वांत चांगले डाव याच पद्धतीने खेळले गेले आहेत.

२०४८ हा आकड्यांचा खेळ गॅब्रिएले चिरुल्ली या इटलीतील १९ वर्षांच्या तरुणाने २०१४ मध्ये बनवला आणि त्याचा कोड खुला केला. एकदा पान उघडले की नेटवर्क गेले तरी तो थांबत नाही. त्याच्या जाहिरातींनी भरलेल्या नकला पुष्कळ आहेत, म्हणून मूळ खेळच शोधून उघडावा. जड त्रिमितीय खेळांच्या वाटेला मात्र जाऊ नये, असे मी सांगेन. ते सुरू होण्याआधीच बराच डेटा खर्च करतात, आणि रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर घरातल्या सर्वांचे काम चालत असेल तर तो खर्च परवडत नाही.

पोकी किंवा क्रेझीगेम्स यांसारखी संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात आणि त्याला माझा आक्षेप नाही, कारण खेळ बनवणाऱ्यालाही पोट आहे. आक्षेप आहे तो अनोळखी संकेतस्थळांवर ‘खेळा’ किंवा ‘डाउनलोड’ अशा बटणाच्या रूपात लावलेल्या जाहिरातींना. ब्राउझरमधल्या साध्या खेळाला ना काही डाउनलोड करावे लागते, ना आपला मोबाइल क्रमांक लागतो, ना सूचना पाठवण्याची परवानगी. यांपैकी काहीही मागितले गेले, तर ते पान त्याच क्षणी बंद करावे.

पैसे लावून खेळण्याच्या खेळांबाबत मला अधिक कळकळीने सांगायचे आहे. त्यांचीही सुरुवात मोफत डावानेच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने असे खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे पैशांचे व्यवहार यांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने त्यात फरक पडत नाही. ज्या भागात एक हंगाम बुडाला तरी घराची घडी विस्कटते, तिथे हा कायदा आधीच यायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. तरीही अशी लिंक कोणी पाठवलीच, तर तिला हात लावू नका आणि घरातल्या लहान भावंडांनाही ती उघडू देऊ नका.

शेवटी एक उणीव सांगितली पाहिजे. ब्राउझरमधला खेळ आपल्या मालकीचा नसतो. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या, ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या, आपल्या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला आणि त्यावर बनलेले असंख्य खेळ एकाएकी उघडेनासे झाले. रफल नावाच्या मुक्त प्रणालीमुळे आणि फ्लॅशपॉइंट या जतन प्रकल्पामुळे त्यांतले पुष्कळ आज पुन्हा खेळता येतात, याबद्दल त्या स्वयंसेवकांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. आपली प्रगती मात्र आपणच सांभाळावी लागते. अनेक खेळ ती त्या संगणकावरील ब्राउझरमध्येच साठवतात, त्यामुळे ब्राउझरचा साठवलेला डेटा पुसला की तीही जाते. कुकी क्लिकरसारख्या खेळात सेव्ह एक्स्पोर्ट करण्याची, म्हणजे आपली प्रगती मजकुराच्या रूपात बाहेर काढण्याची, सोय आहे. तिथून मिळणारा मजकूर स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवावा, म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला गेला तरी दुसऱ्या संगणकावर खेळ तिथूनच पुढे सुरू करता येतो.