कॅप्सूल आधी की थेट बलून? पण त्याआधी लोहाच्या गोळ्यांचं बघा

तुमच्या आईंचं हिमोग्लोबिन सातवर, शी काळी, वरची आणि खालची दोन्ही दुर्बीण नॉर्मल, आणि आता डॉक्टर बलून एन्टेरोस्कोपी (फुगा लावलेल्या लांब दुर्बिणीने लहान आतडं तपासणं) म्हणताहेत; त्याआधी कॅप्सूल करावी का, असं तुम्ही विचारलंत. तुमची पोस्ट वाचताना चार वर्षांपूर्वीचे बाबाच डोळ्यांसमोर आले. दर दोन महिन्यांनी रक्त चढवायचं आणि घरी यायचं, एवढंच चाललं होतं.

मी डॉक्टर नाही, अनुभव सांगतोय. रक्त जोरात वाहत नसेल तर माझं मत कॅप्सूल (गिळायचा छोटा कॅमेरा) आधी. लहान आतडं साधारण सहा मीटर आणि दुर्बीण दोन मीटरची. पायजम्यात नाडी ओवताना कापड चुण्या घालत मागे सरकवतो ना, तसं फुगा फुगवून आतडं नळीवर गोळा करत पुढे जातात. तरी एका बाजूने सगळं आतडं क्वचितच पाहून होतं. म्हणून तोंडातून जायचं की खालून, हे कॅप्सूलने आधी कळलेलं बरं.

आता आमची चूक. बाबांना लोहाची गोळी रोज रात्री मीच आठवणीने द्यायचो. कॅप्सूलच्या आदल्या रात्रीही दिली! सेंटरने दिलेल्या छापील कागदावर लिहिलं होतं, 'नेहमीची औषधं चालू ठेवावीत'. रिपोर्ट आला: काळ्या थरामुळे बराच भाग दिसला नाही. लोह साधारण आठवडाभर आधी थांबवायचं असतं, हे तेव्हा कळलं. विचारायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी तोच कागद पुढे केला, खाली माझी सही होती. पैसे दुसऱ्यांदा भरले. त्याहून वाईट म्हणजे मधल्या तीन आठवड्यांत बाबांना आणखी दोन बाटल्या रक्त लागलं. त्यामुळे लोह कधी बंद करायचं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. शिवाय लोहानेही शी काळी होते, म्हणून नुसत्या रंगावर घाबरू नका.

दुसऱ्या कॅप्सूलमध्ये लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्तवाहिन्यांचे तीन लाल ठिपके दिसले. तोंडातून बलून घातला, दीडेक तास लागला, भूल होतीच, ठिपके तिथेच जाळले. कॅप्सूल नुसती बघते. जाळणं, तुकडा घेणं बलूननेच होतं. घसा दोन दिवस दुखला. पोट मात्र फुगलं नाही, कारण साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला होता. तुमच्याकडे तो वापरतात का, विचारा. नंतर पोटात खूप दुखलं तर घरी थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आईंना पूर्वी पोटाचा टीबी झाला असेल तर आधीच सांगा. आखडलेल्या आतड्यात कॅप्सूल अडकू शकते. आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय नाही म्हणजे नाही.

विम्याचं विचारलंत. आमच्या टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) कॅप्सूल 'ओपीडी तपासणी' म्हणून नाकारली, बलूनला मंजुरी दिली. पॉलिसीवर अवलंबून असेल, पण ईमेलने आधी विचारा, फोनवर कबूल केलेलं पुढे कुणाला आठवत नाही.