सावड

प्रिय सई,

परवा समोरच्या आजींच्या दारातला बर्फ मी काढून दिला. त्यांनी २० डॉलर पुढे केले, मी घेतले नाहीत. जेवताना तू विचारलंस, "घेतले असते तर हिशोब मिटला असता ना, बाबा?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

भोरकडच्या आपल्या गावात भाताची लावणी सावडीने व्हायची. तरवा, म्हणजे वाफ्यात वाढवलेली भाताची रोपं, २१ ते २५ दिवसांचा झाला की लावून मोकळं व्हायचं. रोप जून झालं की फुटवे कमी येतात. एका घराच्या हातांनी तेवढ्या दिवसांत उरकत नाही. म्हणून आज सगळ्या बाया तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. पैसे कुणी देत नाही. तुमच्या दोघी आमच्याकडे राबून गेल्या, की आमच्या दोघींनी तुमच्याकडे जायचं. याला सावड फेडणं म्हणतात.

एका वर्षी तुझ्या आजीचं शेजारच्या काकूंशी बांधावरून वाजलं होतं. बोलणं बंद. तरी त्यांच्या लावणीला आजी डोक्यावर खोळ घेऊन चिखलात उतरली. मी बांधावरून रोपांच्या मुठी फेकत होतो. दोघी दिवसभर शेजारी शेजारी वाकलेल्या, तोंडातून शब्द नाही. दुपारी काकूंनी भाकरी वाढली, आजीने खाल्ली. रात्री मी म्हटलं, "बोलत नाहीस, मग गेलीस कशाला?"

"भांडान बांधाचं हाय. तरवा जून व्हतोय त्यांचा, त्याचं काय?"

चांगलं कसं वागावं हे आजीने कुठे वाचलं नव्हतं. कुणाचं काय आपल्यावर आहे, एवढं तिच्या लक्षात असायचं.

मला खटकतं तेही सांगतो. सावड चालायची ती जमीन असणाऱ्यांत. ज्यांना खाचर नव्हतं ते मजुरीवर यायचे, आणि त्यांच्या अडीनडीला फेड म्हणून आमच्यातलं कुणी गेलेलं मी पाहिलं नाही. ते चूकच होतं.

ते २० डॉलर घेतले असते, तर समोरच्या आजी आणि मी एकमेकांपासून मोकळे झालो असतो. मला मोकळं व्हायचं नव्हतं, सई. या गल्लीत आपल्याला राहायचंय.

या समोरच्या आजी शाळेत गणित शिकवायच्या. तुझे अपूर्णांक अडलेत, हे मी त्यांना सांगून आलोय. शनिवारी सकाळी ११ वाजता तुला बोलावलंय.

तुझा,
बाबा