ठाण्याहून आई-बाबांना घेऊन दोन दिवस डोंगरात, निवांत: कुठे आणि कसं?

प्रश्न तुम्ही असा विचारलाय की ठाण्यात राहता, डिसेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी स्वतःच्या गाडीने आई-बाबा (दोघं सत्तरीच्या आसपास), बायको आणि पाच वर्षांची मुलगी असे निघणार, डोंगर हवाय, लोणावळा नकोय, आणि दगदग अजिबात नकोय. मी माजिवड्याला राहते, गाडी मीच चालवते आणि आई-पप्पांना घेऊन असे बरेच शनिवार-रविवार काढलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर भंडारदरा. ठाण्याहून साधारण दीडशे किलोमीटर, पहाटे निघालात तर मधे एक चहा धरून साडेतीन तास. माळशेज जवळ आहे पण त्याची खरी मजा पावसात, आणि पावसात तिथे दरडी आणि गर्दी दोन्ही. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्याच्या पुढे जातच नाही, तिथून पुढे मिनी ट्रेन, घोडा नाहीतर पायपीट, सामान आणि दोन म्हातारी माणसं घेऊन ते जड जातं. जव्हार छान आहे, शांत आहे, पण डोंगरात आल्यासारखं वाटायला जो उंच कडा समोर लागतो तो भंडारदऱ्याला खिडकीतूनच दिसतो. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, तुम्हाला चढायचं नाहीये तरी घोटीवरून येताना बारी गावाजवळ गाडी बाजूला लावून आई-बाबांना नुसतं दाखवा. वर टोकावर ठिपक्याएवढं देऊळ दिसतं का ते शोधण्यात मुलीची दहा मिनिटं मजेत जातील.

पण जागेपेक्षा महत्त्वाचं सांगते, कारण आमची पहिली ट्रिप जागा चांगली असूनही वाया गेली होती. मी यादी करून निघाले होते. धरण, रंधा धबधबा, रतनवाडी, घाटघर, सांदण दरी, परत येताना टाकेदचं तीर्थ, असं सगळं दीड दिवसात. शनिवारी संध्याकाळी घाटघरच्या कड्यावर आम्ही सगळे उभे, खाली कोकण पसरलेलं, आणि पप्पा गाडीतच बसून, दार उघडं टाकून बूट काढलेले, पाय सुजून मोज्याचा वळ उठलेला. म्हणाले तुम्ही बघून या, मला काय इथूनही दिसतंय. दिसत काहीच नव्हतं, समोर पार्किंगमधल्या गाड्या होत्या. त्या दिवसापासून माझा नियम आहे की एका दिवसात एकच ठिकाण. सकाळी एक बाहेरची गोष्ट, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी पाण्याकाठी खुर्च्या टाकून बसायचं, बस्स. सत्तरीच्या माणसाला गाडीतून चार वेळा उतरणं-चढणं हेच चार किलोमीटर चालण्याएवढं होतं, हे आपल्याला स्टिअरिंगवर बसून कळत नाही.

आता निघायची वेळ. शनिवारी पहाटे पाच, आणि पाच म्हणजे गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पाचला. सामान शुक्रवारी रात्रीच डिकीत. सहाच्या पुढे निघालात की माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, मानकोली, रांजणोली ह्या पट्ट्यात भिवंडीच्या गोडाऊनचे कंटेनर लागतात आणि पहिल्या पंचवीस किलोमीटरमध्येच दीड तास आणि सगळ्यांचा मूड दोन्ही जातात. पाचला निघालं की शहापूर, खर्डी मागे टाकून कसारा घाटात शिरता शिरता उजाडायला लागतं, म्हणजे घाट अंधारात चालवावा लागत नाही आणि समोरचे डोंगर निळे निळे दिसत असतात. मला हा घाट त्या वेळी फार आवडतो.

पण घरात कुणाला गाडी लागत असेल तर घाटाचं प्रेम बाजूला ठेवा आणि समृद्धी महामार्गाने जा. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला, आमणे म्हणजे भिवंडीजवळच, तिथून चढलं की वळणं नाहीत, इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाट पूर्ण टळतो. माझ्या आईला घाटात हमखास उलटी व्हायची, समृद्धीने गेलो तेव्हा ती इगतपुरीला उतरून विचारते, घाट कधी येणार? फक्त वर चढायच्या आधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन घ्या आणि पेट्रोल भरून घ्या, तिथे गल्लीतल्यासारखं वाटेल तिथे थांबता येत नाही. आणि १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच जायचं असं काही नाही, टायर जुने असतील तर नव्वद-शंभरनेच चालवा, गुळगुळीत सिमेंटवर टायर तापतात आणि जुना टायर तापला की फुटायची भीती असते. टायरमधली हवा निघायच्या आदल्या दिवशी, गाडी थंड असताना बघा, स्टेपनीची पण. स्टेपनी कुणी बघत नाही आणि गरज पडते तेव्हा ती बसलेली असते.

गाडी लागणाऱ्याला पुढची सीट, काच थोडी उघडी, नजर रस्त्यावर, मोबाइल बंद. निघताना पोट रिकामंही नको आणि वडे-मिसळीने भरलेलंही नको. आम्ही दोन कोरड्या इडल्या आणि आलेपाक नेतो. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, उलटी सुरू झाल्यावर देऊन काही होत नाही. मुलीला मागे व्हिडिओ लावून दिलात तर तीही हिरवी-पिवळी होणार, त्यापेक्षा ट्रक मोजायला लावा.

घाट उतरायचं पण एकदा सांगून ठेवते, परत येताना लागेल. आमच्या घरात एकदा कसारा उतरताना चालवणाऱ्याने पूर्ण घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरवला, खाली येईपर्यंत जळलेल्या रबरासारखा वास आणि ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं. गाडी बाजूला लावून अर्धा तास थांबलो, आई देवाचं नाव घेत होती, सगळेच घाबरलो होतो. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि तापले की धरतच नाहीत, म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ना की ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ते शंभर टक्के खरं आहे. दुसरा-तिसरा गिअर, इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल (लो गिअर) वर टाका. अरुंद रस्त्यावर समोरून चढती गाडी आली की तिला आधी जाऊ द्या, आणि सकाळी धुकं लागलं तर लाइट लो बीमवर, हायबीमने समोर पांढरी भिंतच उभी राहते.

घोटीला उजवीकडे राजूरच्या रस्त्याला वळा, वळायच्या आधी टाकी फुल्ल आणि थोडी कॅश काढून ठेवा कारण पुढे नेटवर्क येतं-जातं आणि तिथल्या छोट्या दुकानात पैसे ऑनलाइन देताना चाक फिरत बसतं. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. धरणाजवळचं गाव शेंडी, राहायच्या जागा तिथेच आसपास, एमटीडीसीचं रिसॉर्ट पण तिथेच आहे. तलावाकाठचे तंबू फोटोत भारी दिसतात पण आई-बाबांना घेऊन नका जाऊ, डिसेंबरमध्ये रात्री थंडी कडक असते, जमिनीवरून उठणं आणि अंधारात लांबच्या बाथरूमला जाणं त्यांना जमणार नाही.

रूम बुक करताना फोटोवर जाऊ नका, फोन करा. मी एकदा ठरवलेली जागा फोटोत सुंदर होती, पोचल्यावर कळलं रूमपर्यंत दगडी पायऱ्या, मोजल्या, बेचाळीस, आणि कठडा नाही. पप्पा दोन दिवसांत दोनदाच खाली आले. तेव्हापासून मी फोनवर हेच विचारते: तळमजल्याची रूम आहे का, गाडी दारापर्यंत येते का, कमोड आहे का, गरम पाणी किती ते किती, लाइट गेली तर जनरेटर आहे का, आणि जास्तीची ब्लँकेटं मिळतील का. सहा प्रश्न, दोन मिनिटांचा फोन.

शनिवारी पोचलात की काहीच करू नका. आंघोळ, नाश्ता, आडवे व्हा. संध्याकाळी धरणावरच्या बाजूला चक्कर मारा. विल्सन डॅम, प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेलं, ८२ मीटर उंच दगडी बांधकाम, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव दिलेलं आणि मागच्या तलावाला आर्थर लेक. माझे पप्पा पाटबंधारे खात्यात होते त्यामुळे ते एकेका दगडाचा जोड बघत उभे राहिले होते, मी घड्याळ बघितलंच नाही. रंधा धबधब्याचा आग्रह डिसेंबरात धरू नका, तो धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच दिसण्यासारखा, आधी हॉटेलवाल्याला विचारा. अंब्रेला फॉलचंही तेच, तो पावसाळ्यातला.

रविवारी सकाळची एकच गोष्ट, रतनवाडीचं अमृतेश्वर. शेंडीपासून तलावाच्या कडेकडेने विसेक किलोमीटर, अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. आपण ठाणेकर अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर नावाने ओळखतो पण कितीजण आत जाऊन बघतात, तर अमृतेश्वर त्याच भूमिज शैलीतलं (शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा असतात ती), लहान, पण शिखर शाबूत आणि मागे रतनगड उभा. जवळच पुष्करणी आहे, कोनाड्यांत मूर्ती असलेली, आईला तिथे काठावर बसवा, तिला तेवढंच पुरतं. गाडी जवळपर्यंत जाते, चालणं अगदी थोडं.

आणि जाताना रतनवाडीत कुठल्यातरी घरी जेवण सांगून ठेवा, येईपर्यंत तयार होतं. ह्या भागात नाचणीला नागली म्हणतात. आम्ही जेवलो तिथे त्या ताई चुलीपुढे बसून नागलीची भाकरी थापत होत्या, माझी भाची शेजारी उकिडवी बसलेली, भाकरी निखाऱ्यावर उभी केली आणि ती टम्म फुगली तेव्हा पोरगी ओरडली, "मावशी, तिच्यात हवा कुणी भरली?" ताई हसल्या आणि एक छोटी भाकरी तिला थापायला दिली, तिरकी झाली, तीच तिने पिठल्यासोबत पूर्ण खाल्ली, घरी दोन घास खायला तासभर लावणारी पोरगी. काळभात मिळाला तर आवर्जून मागा, अकोले भागातला जुना सुवासिक तांदूळ आहे, ह्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, देशी बियाणं जपण्यासाठी २०२० मध्ये ज्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या बायकांनी जपलं म्हणून असली वाणं अजून ताटात येतात. दोन किलो घरी घेऊन या.

परतीला मात्र कडक राहा. जेवण लवकर, अकरा-साडेअकराला, आणि बाराच्या आत गाडी रस्त्याला. चारच्या आत भिवंडी ओलांडायची. रविवारी संध्याकाळी नाशिक, शिर्डी, इगतपुरी सगळीकडची गर्दी एकत्र खारेगाव-साकेतच्या त्या एका गळ्यात येऊन अडकते आणि दोन दिवसांचा सगळा आराम तिथे तीन तासांत संपतो. घरी पाचला पोचलात तर आई-बाबा चहा पिऊन झोपू शकतात आणि तुम्हाला सोमवार जड जात नाही.

मुलीला पाणी बघून धावायची सवय असेल तर तलावाच्या काठावर तिचा हात सोडू नका, काठ एकदम खोल होतो आणि शेवाळाने निसरडा असतो.

आणि तुमच्या आईंना गाडी लागते का, बाबांना गुडघ्याचा त्रास आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीये. तेवढं सांगा, म्हणजे घाटाने जायचं का समृद्धीने ते आणि शेंडीत रूम कुठल्या बाजूला बघायची तेही सांगते.