स्पोर्ट्स कारची हिवाळी चाकं: रिम लहान करा, घेर तोच ठेवा

थंडीसाठी चाकांचा दुसरा संच घेताना कोणतं माप घ्यावं, याबद्दल जर्मनी, कॅनडा, स्वीडन आणि स्वित्झर्लंडमधल्या वाचकांनी विचारलं आहे. सगळ्या उत्तरांत एकच हिशेब पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून तो आधी सांगतो. २३५/४० आर १९ म्हणजे टायरची रुंदी २३५ मिमी, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १९ इंची. पूर्ण व्यास काढायचा तर १९ ला २५.४ ने गुणा आणि त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवा: ४८२.६ + ९४ + ९४ = ६७०.६ मिमी. रिम एक-दोन इंच लहान झाली तरी चालेल, हा आकडा मात्र फारसा हलता कामा नये.

प्रश्न: माझी पोर्शे ७१८ केमन एस २० इंची चाकांवर आहे, पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५. डीलर १९ इंच सुचवतो, मित्र १८ म्हणतात. आहे त्याच रिमवर हिवाळी टायर चढवले तर भागेल का? (म्युनिक)

उत्तर: भागेल, पण रिमचं नुकसान होईल. २० इंचावर पुढच्या साइडवॉलची उंची जेमतेम ८२ मिमी भरते. बर्फाखाली फुटपाथची कड किंवा खड्डा दिसत नाही आणि तो दणका सरळ रिमच्या ओठावर बसतो. शिवाय वर्षातून दोनदा टायर काढा-चढवा करताना मशीनचे ओरखडे पडतात ते वेगळेच. १८ इंचावर हीच उंची १०६ मिमी होते.

आता व्यास पाहा. पुढे २३५/३५ आर २० चा ६७२.५ मिमी, २३५/४० आर १९ चा ६७०.६ आणि २३५/४५ आर १८ चा ६६८.७. मागे २६५/३५ आर २० चा ६९३.५, २६५/४० आर १९ चा ६९४.६ आणि २६५/४५ आर १८ चा ६९५.७. फरक पुढे चार मिमीच्या आत, मागे त्याहूनही कमी. तिन्ही जोड्या कंपनीने अशाच जुळवल्या आहेत, त्यामुळे स्पीडोमीटर किंवा ईएसपीची (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) चिंता नाही. प्रश्न राहतो तो ब्रेकचा. १८ इंच हे साध्या ७१८ चं माप आहे. एसवर ते मान्य आहे की नाही हे सीओसी (गाडीच्या मान्यतेचं प्रमाणपत्र) या कागदावर पाहा. जर्मन नोंदणीपत्राच्या भाग १ वर टायरचं एकच माप छापलेलं असतं, बाकीची मान्य मापं सीओसीवरच सापडतात. तिथे १८ असेल तर आमची पसंती १८ ला: टायर स्वस्त, निवड जास्त, रिम सुरक्षित. नसेल तर निमूटपणे १९ घ्या. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्क मोठ्या असतात, १८ बसेल असं धरून चालू नका.

चारही चाकं एकाच रुंदीची करण्याच्या फंदात पडू नका. या गाडीचं इंजिन मधोमध आहे, वजन मागे झुकलेलं आहे. मागचा टायर अरुंद केला तर ओल्या वळणावर आधी मागची बाजूच सुटते. टायरवर एन०, एन१ अशी पोर्शेची खूण असलेला घेतलात तर उत्तम, आणि चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

वेगाचं अक्षर हा वेगळा मुद्दा. व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंत. तुमच्या गाडीचा कमाल वेग २८५ आहे. जर्मनीत हिवाळी टायर गाडीच्या कमाल वेगापेक्षा खालच्या अक्षराचे चालतात, पण टायरची मर्यादा सांगणारा स्टिकर चालकाच्या नजरेसमोर हवा. भाराच्या अंकाला (टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याला) अशी सवलत नाही, तो सीओसीवर आहे तेवढा किंवा जास्तच हवा. आणि टायरवर डोंगर व हिमकणाची खूण पाहूनच घ्या. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर ३० सप्टेंबर २०२४ नंतर तिथे हिवाळी म्हणून धरले जात नाहीत.

रिम पूर्ण रंगवलेलीच घ्या. चकाकत्या, मशीनने तासलेल्या पृष्ठभागावर लॅकरला बारीकशी चीर पडली की मीठ आत शिरतं आणि एका हंगामात पांढऱ्या रेघा उमटतात. बोल्टचं अंतर ५x१३० (१३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं) भोक ७१.६ मिमी, घट्ट करायचं बळ १६० न्यूटन-मीटर. पोर्शेच्या मूळ रिमला गोलाकार बैठकीचे बोल्ट लागतात. दुसऱ्या कंपनीची रिम शंकूच्या आकाराच्या बैठकीची असेल तर तिच्यासोबत आलेलेच बोल्ट वापरायचे. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी घातले तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो फक्त कडेवर, आणि चालता चालता सैल होतो.

प्रश्न: टोयोटा जीआर८६ आहे, २१५/४० आर १८. दुकानदार १६ इंची रिमवर २०५/५५ आर १६ देतो आहे. गाडीला फार लहान नाही का होणार? आणि ऑफसेट जुळला पाहिजे म्हणजे नेमकं काय? (टोरोंटो)

उत्तर: दुकानदार बरोबर सांगतो आहे. तुमच्या टायरचा व्यास ६२९.२ मिमी, २०५/५५ आर १६ चा ६३१.९. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. १७ इंची हवी असेल तर २१५/४५ आर १७ (६२५.३ मिमी) तितकीच योग्य. २०५/५० आर १७ मात्र ६३६.८ मिमी म्हणजे सव्वा टक्का मोठी होते; चालते, पण स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवण्याकडे झुकतो, आणि चूक त्या दिशेला कधीच नको. २०५/५५ आर १६ हे रोजच्या कित्येक सेडान गाड्यांचं माप असल्याने प्रत्येक कंपनीचा चांगला हिवाळी टायर त्यात मिळतो. अरुंद टायर मऊ बर्फ आणि राडा कापून खाली पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. मोबदल्यात स्टिअरिंगची तत्परता थोडी कमी होईल. ओंटारिओच्या थंडीत तो सौदा आम्हाला पटतो.

अडचण येऊ शकते ती कॅलिपरची, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाची. मोठे परफॉर्मन्स ब्रेक असतील तर १६ विसरा. मूळ ब्रेक असतील तरी पैसे देण्याआधी टायर न चढवलेली रिम पुढच्या हबवर लावून बघा. नट हाताने आवळा, रिम सावकाश फिरवा आणि कॅलिपर व रिमच्या आतल्या भिंतीत, तसंच कॅलिपर आणि आऱ्यांमध्ये, सगळीकडे निदान ३ मिमी फट आहे ना ते तपासा. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतल्या भिंतीवर लागतात आणि त्यांची स्वतःची जाडी काही मिमी असते. ती जागा या ३ मिमीत धरायची नाही, वेगळी सोडायची. वजनं कॅलिपरसमोर येणार नाहीत अशी लावा, हे बॅलन्सिंग करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

ऑफसेट, म्हणजे रिमवर 'ईटी' लिहिलेला आकडा, हे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. तुमची मूळ रिम साडेसात इंच रुंद, ईटी ४८. समजा नवी साडेसहा इंच रुंद आणि ईटी ४० आहे. एक इंच रुंदी कमी म्हणजे दोन्ही कडा १२.७ मिमी आत आल्या. ईटी ८ ने कमी म्हणजे अख्खी रिम ८ मिमी बाहेर सरकली. बाहेरची कड मूळ जागेपेक्षा ४.७ मिमी आतच राहिली आणि आतली कड सस्पेन्शनपासून २०.७ मिमी दूर गेली. कुठेच घासणार नाही. ईटी ४८ च्या जवळ राहा. ३५ च्या खाली गेलात तर चिखल-बर्फ बाहेर उडून दारं माखतात आणि बेअरिंगवर ताणही वाढतो.

या गाडीबाबत एक चूक हटकून होते. ती बांधते सुबारू, त्यामुळे नटांची आटी १२x१.२५ (१२ मिमी जाडी, दर १.२५ मिमीला एक आटा) आहे, टोयोटाच्या नेहमीच्या गाड्यांसारखी १२x१.५ नाही. टोयोटाचा नट दोन आटे जातो, मग अडतो, आणि कुणी इम्पॅक्ट गनने पुढे रेटला तर स्टडच खराब होतो. बोल्टचं अंतरही ५x१०० आहे, टोयोटा कॅमरीची ५x११४.३ ची जुनी रिम बसणार नाही. हबचं भोक ५६.१ मिमी, बाहेरच्या रिमचं भोक मोठं असेल तर फट भरणारी मधली रिंग घ्या. नट १२० न्यूटन-मीटरला आवळा आणि ५० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा टॉर्क पाना लावून बघा.

चार हिवाळी टायर लावलेत की विमा कंपनीला कळवा. ओंटारिओत १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक कंपनीला त्यावर सवलत द्यावीच लागते. हिवाळ्यात मॉन्ट्रियलला जाणं होत असेल तर लक्षात ठेवा, क्वेबेकच्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, म्हणजे तुम्ही उन्हाळी टायरवर गेलात तर आजूबाजूची सगळी वाहतूक तुमच्यापेक्षा लवकर थांबणारी असेल.

प्रश्न: मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, तर फक्त मागचे दोनच हिवाळी टायर घेतले तर? (श्टुटगार्ट)

उत्तर: नको. गाडी निघेल छान, पण थांबणार नाही आणि वळणारही नाही, कारण ब्रेकचा मोठा वाटा आणि सगळं वळणं पुढच्या दोन टायरवर असतं. चार घ्या.

प्रश्न: माझ्या माझदा एमएक्स-५ (२.० लिटर) वर २०५/४५ आर १७ आहेत. १.५ लिटरच्या गाडीच्या १६ इंची रिम, १९५/५० आर १६ टायरसकट, स्वस्तात मिळतायत. घेऊ का? आणि खिळ्यांचे टायर की बिनखिळ्यांचे? (गोथेनबर्ग)

उत्तर: रिम घ्या, टायर सोडा. दोन्ही मापं एकाच मॉडेलची असली तरी व्यास सारखा नाही: तुमचा ६१६.३ मिमी, त्यांचा ६०१.४. जवळपास अडीच टक्के लहान. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९७-९८ ने जात असेल, हे एक वेळ खपेल; पण आधीच बुटकी असलेली गाडी आणखी ७ मिमी खाली बसेल आणि गोठलेल्या चाकोऱ्यांवर पोट घासेल. त्याच साडेसहा इंची रिमवर २०५/५० आर १६ चढवा. व्यास ६११.४ मिमी, फरक एक टक्क्याच्या आत. तुमच्या गाडीच्या कागदांत हे माप मान्य आहे ना, एवढं आधी पाहून घ्या. ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक असतील तर मात्र १७ इंचांवरच राहा.

स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि नक्षीची खोली निदान ३ मिमी लागते. खिळ्यांना १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल मुभा आहे. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा बहुतेक ओला आणि मीठ टाकलेल्या रस्त्यांचा. हलक्या गाडीला तिथे नॉर्डिक (कडाक्याच्या थंडीतही मऊ राहणाऱ्या) मिश्रणाचे बिनखिळ्यांचे टायर पुरतात, आवाजही कमी. उत्तरेकडे डोंगरात वरचेवर जाणार असाल, नितळ गोठलेल्या रस्त्यांवर, तर खिळे घ्या. पण चारही चाकांना. स्टॉकहोमला गेलात तर होर्न्सगातान या रस्त्यावर खिळ्यांना बंदी आहे. नॉर्डिक टायरवर टी (१९०) किंवा आर (१७०) असं अक्षर दिसेल. स्वीडनच्या वेगमर्यादेत ते पुरून उरतं, जर्मनीच्या ऑटोबानवर मात्र ते लक्षात ठेवून चालवावं लागेल.

प्रश्न: मुंबईत स्पोर्ट्स कार आहे. महाबळेश्वरला डिसेंबरात कडाक्याची थंडी असते, हिवाळी टायर मागवावेत का?

उत्तर: नाही. हिवाळी रबर साधारण ७ अंशांच्या खाली मऊ राहण्यासाठी बनवलेलं असतं. मुंबईच्या ३० अंशांत ते लोण्यासारखं दबतं, झपाट्याने झिजतं आणि ब्रेक लागायला जास्त अंतर घेतं. महाबळेश्वरची एखादी गारठलेली पहाट उन्हाळी टायर सहज निभावून नेतात.

प्रश्न: दुसरा संच लावल्यापासून हवेच्या दाबाचा दिवा जात नाही, आणि दर आठवड्याला हवा कमी झालेली दिसते. पंक्चर तर नाही. (झ्युरिक)

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीत प्रत्येक व्हॉल्व्हवर सेन्सर असेल तर दुसऱ्या संचालाही सेन्सर हवेत, आणि ते गाडीला ओळखून द्यावे लागतात. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, काहींना मेनूतून किंवा गॅरेजच्या यंत्राने शिकवावं लागतं. युरोपात सहसा ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात, अमेरिकेतून स्वस्तात आणलेले ३१५ चे चालणार नाहीत. गाडी सेन्सरशिवाय एबीएसवरूनच दाब ताडणारी असेल तर दाब भरून फक्त रीसेट करायचं.

हवा कमी होते ती थंडीमुळे. गरम गॅरेजात २० अंशांना २.५ बार भरलेला टायर बाहेर उणे १० ला २.१५ च्या आसपास येतो. म्हणून हवा नेहमी बाहेर, गार टायरमध्ये भरा आणि लहान केलेल्या मापासाठी दिलेला दाब वापरा. दाराच्या पट्टीवर बहुतेकदा त्याची वेगळी ओळ असते. नाहीच सापडली तर उन्हाळी आकड्यावर ०.२ बार जास्त ठेवणं वाजवी आहे.

प्रश्न: हिवाळी चाकं लावली की ११० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा करून झालं. (फ्रँकफर्ट)

उत्तर: तिसऱ्यांदा करू नका, चाक काढा. हबच्या तोंडावर गंजाची पापडी असेल तर रिम सपाट टेकत नाही. तारेच्या ब्रशने ती साफ करा. तिथे ग्रीस थापू नका, आणि बोल्टच्या आट्यांना तर मुळीच लावू नका, नाहीतर टॉर्क पान्याचा आकडा खोटा ठरतो. मग मधली रिंग पाहा: तडकलेली, किंवा चारांपैकी एका चाकात नाहीच, असं सर्रास आढळतं. चाक हबवर चढवून बोल्ट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने लावा, गाडी जॅकवरच असताना थोडे आवळा आणि शेवटचा टॉर्क टायर जमिनीला टेकवून द्या. थरथर स्टिअरिंगऐवजी सीटमध्ये जाणवत असेल तर आधी मागची चाकं काढा.

आणि बर्फ पडून गेल्यावर थरथर एकाएकी सुरू झाली असेल तर गॅरेजला जाण्याआधी आऱ्यांमधून हात घाला. रिमच्या आतल्या बाजूला बर्फाचा राडा साचून रात्रभरात गोठतो, आणि तेवढ्याने सगळं बॅलन्सिंग बिघडतं. लाकडी काठीने तो मोकळा करा, धातूने नको, कारण तिथेच व्हॉल्व्हचा सेन्सर आणि चिकटवलेली वजनं असतात.